थोरली, धाकटी आणि शकूआत्या

शकूआत्यानं कधी कुणाची माफी मागितली असेल, हे परंड्यात अजूनही कुणी खरं मानणार नाही. माफी मागायला लावणं हा तिचा प्रांत. सासूला सुनेची, धाकट्या भावाला थोरल्याची, एकदा तर एका मिशाळ सासऱ्याला चक्क जावयाची माफी तिनं मागायला लावली होती आणि वर त्याच्याच पैशानं पेढे वाटले होते. तिची आठवण आली की मला आधी ही रुबाबदार आत्या दिसते आणि लगेच मागोमाग दुसरी, आपल्याच घरात दबक्या पावलांनी वावरणारी. दोन्ही एकच बाई होती हे मला अजून स्वतःला समजवावं लागतं.

बँकेच्या नोकरीत माझी बदली परंड्याला झाली तेव्हा मी तिच्या घरातली वरची खोली भाड्यानं घेतली. खाली पुढं तिचं बांगड्यांचं दुकान, मागं स्वयंपाकघर आणि एक खोली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा नितीन पुण्यात नोकरीला. तिचं नाव शकुंतला कासार, पण आख्ख्या पेठेची ती आत्याच. पहिल्याच दिवशी तिनं माझे हात पाहिले आणि कपाळाला हात लावला.

"काय ओ मॅडम, हात असे भुंडे? बँकेत बांगड्या चालत न्हाईत का काय?"

"कीबोर्डवर वाजतात हो, आत्या."

"मग वाजू द्या की. सायबाला कळंल तरी, बाई आलीया म्हणून."

ती बांगड्या भरायची ते बघत राहावं. समोरच्या बाईचा पंजा हातात घ्यायची, अंगठा आत दुमडायची आणि "सोड गं हात, सैल सोड, माहेरी आलीयास" असं पुटपुटत चेपत राहायची. बाईचा हात सैल पडला की तिचं तोंडही सैल पडायचं. घरातलं सगळं बाहेर यायचं. बांगडी मनगटावर चढायच्या आत आत्याला दुखणं कळलेलं असायचं आणि शेवटची बांगडी चढेपर्यंत औषधही सांगून झालेलं असायचं. औषध एकच. "जवळ ऱ्हा. जवळ ऱ्हायलं की माया लागती." एखादी बांगडी भरताना तडकली आणि कुणी "फुटली" म्हणालं तर तिला खपायचं नाही. "फुटली म्हणू न्हाय. वाढली म्हणावं." मोडण्याचा शब्दच तिला दुकानात चालत नव्हता.

तिचं औषध लागूही पडायचं, हे नाकारता येत नाही. पेठेतल्या दोन जावा घरात भिंत घालून, एकमेकींचं तोंड न बघता राहत होत्या. संक्रांतीच्या आधी दोघी नेमक्या एकाच वेळी दुकानात आल्या. आत्यानं दोघींना एका सतरंजीवर बसवलं, एकीचा डावा आणि दुसरीचा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला आणि आळीपाळीनं भरायला लागली. मध्ये एक ताट ठेवलं, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. दोघींचा एकेकच हात मोकळा. भाकरी मोडायची तर एकीनं धरावी, दुसरीनं तोडावी. आधी फुरंगटून बसल्या, मग एकीला हसू फुटलं. भिंत राहिली, पण तिच्यात पुढं दार निघालं. आत्या हा किस्सा येणाऱ्या जाणाऱ्याला सांगायची. मीही हसून ऐकायचे.

ती स्वतः थोरल्या जावेच्या हाताखाली पुष्कळ वर्षं एका चुलीवर राहिली होती. त्या दिवसांबद्दल विचारलं तर छाती पुढं काढून म्हणायची, "म्या काढले की दिस. काय झालं मला?"

तिच्या भावाची मुलगी वैशाली. आई लहानपणीच गेली, म्हणून ती आत्याकडंच वाढली. तिला येडशीला दिलेलं. स्थळ आत्यानंच आणलं होतं. नवरा ट्रकवर, महिन्यातले कितीतरी दिवस बाहेर. घरात सासू नावाला, सगळा कारभार थोरल्या जावेकडं. नागपंचमीला ती माहेरपणाला आली तेव्हा मी तिला पहिल्यांदा पाहिलं. बोलकी मुलगी असेल असं चेहऱ्यावरून वाटायचं, पण बोलत नव्हती. दुकानातली गर्दी ओसरल्यावर आत्यानं तिचा हात मांडीवर घेतला, तेव्हा बोलली.

"मारत न्हाईत गं आत्या. शिव्या बी देत न्हाईत. पण मी घरात हाय का न्हाय, कुणाच्या खिजगणतीतच न्हाय. मी जेवायला बसले की जाऊबाई भांडी गोळा कराया लागतात. थंडी वाजली तर म्हणतात, तुलाच कशी वाजती?"

"एवढंच व्हय? भांड्याला भांडं लागणारच."

"मला न्हाई जायचं परत."

"असं म्हणू न्हाय. तू पुढं हो. त्यांच्यात बस, त्यांच्यात ऊठ. माया लागती गं, येळ लागतो."

बोलता बोलता आत्यानं उघडलेला बांगड्यांचा खोका बंद केला आणि दुसरा घेतला. मला वाटलं, रंग आवडला नसेल. हिरव्यागार बांगड्या भरून, ओटी भरून, डब्यात पुरणपोळ्या देऊन तिनं वैशालीला येडशीला जायला बार्शीच्या गाडीत बसवलं. वैशाली खिडकीतून आमच्याकडं बघत नव्हती, समोरच्या सीटकडं बघत होती. दिवाळीलाही ती आली आणि तशीच परत गेली.

त्या दोन सणांच्या मध्ये, दसऱ्याला, नितीन पुण्याहून दोन काचेच्या पेट्या घेऊन आला. कंपनी त्याला काही महिन्यांसाठी परदेशी पाठवत होती आणि त्याच्या पाळलेल्या पाली सांभाळायला पुण्यात कुणी तयार नव्हतं. लेपर्ड गेको म्हणतात त्यांना. पिवळं अंग, त्यावर काळे ठिपके, बोटाएवढी जाड शेपूट. घरातल्या पालीसारख्या भिंतीवर चढत नाहीत, आणि माणसासारख्या डोळे मिटतात. पेठेत बोभाटा झाला की आत्यानं पाली पाळल्या. बायका बांगड्यांच्या निमित्तानं येऊन पेट्यांत डोकावू लागल्या.

"आत्या, चुकचुकत्यात का ओ ह्या?"

"छ्या! लई गुणाच्या हायेत. तोंडातनं शबूद काढत न्हाईत."

एक जरा मोठी होती, तिचं नाव आत्यानं थोरली ठेवलं. दुसरी धाकटी. कोंड्यात वाढवलेल्या अळ्या ती त्यांना चिमट्यानं भरवायची, फक्त गुरुवारी नाही. गुरुवारी तिचा उपास, म्हणून पालींचाही. नितीननं जाताना चार-चारदा बजावलं होतं.

"आई, दोघींना एकत्र ठेवू नको. दोघी माद्या असल्या तरी न्हाई. ह्या एकेकट्या राहणाऱ्या जातीच्या असतात."

"एकटं ऱ्हायला कुणाला आवडतंय रं?"

"ह्यांना आवडतं. त्यांच्यात कळप नसतो, आई."

"बरं बरं," आत्या म्हणाली. हे 'बरं बरं' ती गिऱ्हाइकानं भाव पाडून मागितला की म्हणायची तेच होतं.

थंडी पडली आणि वीज कमीजास्त होऊन धाकटीच्या पेटीखालची गरम पट्टी जळाली. नितीननं फोनवर सांगितलं, नवी मागवतो, तोवर वर बल्ब लाव. आत्यानं बल्ब लावला नाही. शुक्रवारी न्हाऊन-धुऊन ती दुकानात आली, थोरलीच्या पेटीच्या काचेला हळदीकुंकवाची दोन बोटं लावली, धाकटीला ओंजळीत घेतलं आणि आत सोडलं. "सुखानं नांदा गं बायांनो," म्हणाली. मी बँकेत निघाले होते, दारातच थबकले. थोरली चारी पायांवर उंच झाली आणि तिची शेपूट सावकाश, डावीउजवीकडं हलायला लागली.

"बघा मॅडम! नव्या जावंला बघून शेपूट हलवाया लागली. कुत्र्यागत आनंद झालाय तिला!"

आम्ही दोघी हसलो. ती शेपूट कशासाठी हलते, ते आम्हाला कुठं ठाऊक होतं!

दोन दिवसांत दोघी पेटीच्या गरम कोपऱ्यात एकमेकींच्या अंगावर झोपायला लागल्या. खाली धाकटी, तिच्या पाठीवर थोरली. आत्याचा आनंद पोटात मावेना. तिनं माझ्याकडून फोटो काढून घेतला. भांडून आलेल्या प्रत्येकीला तो दाखवायची. "मुकं जनावर नांदतंय, आन् तुमाला काय झालंय?" मग तिनं तो वैशालीला पाठवला. सोबत स्वतःच्या आवाजातला निरोपही, मला बटण दाबायला लावून. "वैशे, बघ बाई. पालीला कळतंय ते तू बी शिक."

धाकटी खाईनाशी झाली. चिमट्यातली अळी थोरली पुढं येऊन घ्यायची, धाकटी पाण्याच्या वाटीमागं सरकायची. मी म्हटलं, नितीनला विचारू या का? आत्या म्हणाली, "लाजतीया. नवी नवरी कुठं पयल्यांदा पोटभर जेवती?"

एके दिवशी सकाळी मी खाली उतरले तर आत्या पेटीसमोर उकिडवी बसलेली. पेटीच्या मधोमध धाकटीची तुटलेली शेपूट पडली होती आणि एकटीच वळवळत होती. धाकटी गार कोपऱ्यात काचेला चिकटून बसलेली, मानेवर चाव्याच्या खुणा. थोरली गरम जागेवर, डोळे मिटून. आत्या त्या वळवळणाऱ्या शेपटीकडंच बघत होती. म्हणाली, "बघा की, अजून जीव हाय. लावता येईल का?"

मी नितीनला व्हिडिओ कॉल लावला. त्यानं पेटी पाहिली, मग मागचा फोटो मागून घेतला.

"आई, हे अंगावर झोपणं माया नसते गं. गरम जागा एकच आहे. वरची खालचीला दाबून ती जागा धरते. खालची दुसरीकडं जाऊ शकत न्हाई म्हणून तिथं राहते."

"पण भांडत नव्हत्या रं. आवाज बी न्हाई कधी."

"आवाज नसतोच. ती खाणं सोडते, वाळत जाते. शेपटीत चरबी साठवलेली असते, तिच्यावर जगते. शेपटी बारीक झालेली दिसली नव्हती का तुला?"

आत्याला ती दिसली होती. मलाही दिसली होती, आणि मी एकदा विचारून गप्प बसले होते.

त्या दिवसापासून दोघी वेगळ्या झाल्या, बल्ब लागला, गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून धाकटीशेजारी ठेवली गेली. आत्या ड्रॉपरनं तिच्या तोंडाला पाणी लावायची. गुरुवारीसुद्धा अळ्या चेचून भरवायचा प्रयत्न करायची. धाकटीनं तोंड उघडलं नाही. संक्रांतीच्या तोंडावर, दुकान बायकांनी भरलेलं असताना, ती गेली. आत्या हातातल्या बाईच्या मनगटावर अर्ध्यात चढलेली बांगडी तशीच ठेवून उठली आणि आत निघून गेली. बायका ताटकळून परतल्या. वर्षाचा धंदा करायचे ते दिवस, आणि दुकान बंद. नितीन फोनवर एवढंच म्हणाला, "मी सांगितलं होतं ना, आई." रागावला असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी मी चहा घेऊन गेले तर ती अंधार पडत आलेल्या स्वयंपाकघरात दिवा न लावता बसली होती.

"मॅडम, पंचमीला वैशीचं माप उतरलं होतं."

मला आधी कळेना.

"लग्नात दोन-सहाच्या मापाची भरली होती तिला. पंचमीला ती बांगडी कोपरापर्यंत पळाली असती. हात हातात घेतल्या घेतल्या कळलं मला. म्या त्याहून ल्हान, दोन-चारचा खोका काढला आन् गप भरल्या. दिवाळीला त्या बी सैल होत्या."

"आत्या…"

"म्हणलं, कळू न्हाय तिला. माप उतरलंय म्हणलं तर रडंल, जाणार न्हाई. म्हणून गप भरल्या." ती स्वतःचाच हात दुसऱ्या हातानं चेपत होती. "म्या बी खालचीच हुते ओ. थोरल्या बाईच्या खाली. सवय झाली, तिला माया म्हणाले. आन् तेच समद्यांस्नी वाटत सुटले."

मी तिची समजूत घालायला हवी होती. पण समजूत घालणं हा शब्दच त्या घरात त्या वेळी नकोसा झाला होता. मी दिवा लावला, एवढंच.

दुसऱ्या दिवशी ती पहिल्या गाडीनं येडशीला गेली. एकटीच. संध्याकाळी परत आली ती वैशालीला घेऊन. एक पिशवी आणि अंगावरची साडी. सासरी मागच्या पत्र्याच्या खोलीत, सरपणाशेजारी तिचं अंथरूण होतं म्हणे. आत्या दारात उभी राहिल्यावर वैशाली काय म्हणाली, ते आत्यानं मला सांगितलं: "आलीस? पुन्हा समजूत काढाया आलीस का?"

त्या रात्रीचं जेवण मी त्यांच्याबरोबर खाली केलं. आत्यानं वाढायला घेतलं, वैशालीच्या ताटात भात वाढला, तूप घातलं, आणि वाटी हातात तशीच धरून म्हणाली, "वैशे, चुकलं माझं. लई चुकलं. माफ कर मला."

मी मान खाली घातली. वैशाली भात कालवत राहिली. मग बोलली, आवाज न चढवता.

"तू फोटू पाठीवला होतास ना. मी रोज बघत हुते त्यो. खालची डोळे मिटून पडली हुती. वरचीच्या पायाखाली तिची मान हुती. तुला दिसलं न्हाई, आत्या?"

हातातली वाटी खाली ठेवायचंही आत्याला सुचलं नाही. तो फोटो मीच काढला होता, निरोपाचं बटणही मीच दाबलं होतं. वैशाली माझ्याकडं बघतही नव्हती.

आठवड्याच्या आत येडशीची माणसं आली. वैशालीचे वडीलही आले, तणतणत. लोक काय म्हणतील, हा त्यांचा पहिला प्रश्न आणि शेवटचाही तोच. दुकानात सतरंज्या अंथरल्या. अशा बैठकीत मधली जागा आत्याची असायची, सगळ्यांनी ती मोकळी ठेवली. आत्या आतून आली आणि भिंतीपाशी वैशालीच्या शेजारी बसली.

"आक्का, मधी बस की," भाऊ म्हणाला.

"न्हाई. आज मधी कुणी न्हाई."

"अगं, तूच धाडली होतीस की तिला दोन्ही येळंला!"

"व्हय, म्याच धाडली. म्हणून म्याच आणली. आता पोरगी जाणार न्हाई." मग येडशीच्या माणसांकडं वळून, पदर सावरून, ती हात जोडून म्हणाली, "तुमचं बी चुकलं असंल. पण माझं जास्त चुकलं. तुमाला ती परकी हुती. मला तर हातानं कळत हुतं."

माणसं चहा न घेता उठली. भाऊ पुढं बरेच महिने तिच्याशी बोलला नाही. पेठेतही कुजबूज झाली, आत्या संसार मोडणारी बाई झाली म्हणून. समजूत घालायला कुणी बोलावलं तर ती आता जायची नाही. एखादी पोर दुकानात हात पुढं करून मुकाट बसली तर आत्या बराच वेळ बांगडीच काढायची नाही, नुसता हात धरून बसायची. "जेवतीस का गं नीट?" असं विचारायची, आणि उत्तर येईपर्यंत थांबायची. हे थांबणं तिला आधी येत नव्हतं.

वैशाली हळूहळू अंगानं भरली. एका औषधांच्या दुकानात कामाला लागली. हसायची, माझ्याशी बोलायची, पेठेतल्या पोरींबरोबर किल्ल्याकडं फिरायला जायची. आत्याशी कामापुरतं बोलायची. भांडण नव्हतं, अबोला नव्हता. आत्या तिच्यासाठी ताटात काही वाढू लागली की ती "मी घेते" म्हणायची, आणि आत्या पळी खाली ठेवायची. हे मी रोज बघत होते. एकदा न राहवून मी वैशालीला म्हटलं, आता किती दिवस? ती शांतपणे म्हणाली, "मला बी वाईट वाटतं, ताई. पण आतनं येत न्हाई. वढून कसं आणू?" पुढं मी तिला काही म्हटलं नाही.

माझी बदली झाली तेव्हा वरची खोली मोकळी होणार होती. भाडेकरू मिळाला असता. आत्यानं माझ्यासमोरच वैशालीला विचारलं, "तुला पायजे का ती खोली? तुझी तू ऱ्हा. आतनं कडी हाय." वैशालीनं होकार दिला. मग एका चुलीचा आयुष्यभर डंका पिटलेल्या त्या बाईनं बाजारातून वेगळी शेगडी आणली, वेगळा तवा आणला, डबे आणले, आणि हमालाकडून वर चढवले. स्वतः वर गेली नाही.

मी निघाले त्या दिवशी माझं सामान टेम्पोत चढलं आणि वैशालीचं सामान त्याच पायऱ्यांवरून वर गेलं. मी आत्याच्या पाया पडायला गेले तर ती दुकानात नव्हती. बाहेरच्या जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर बसली होती. मांडीवर डबा. वरून भांडी लावल्याचा आवाज येत होता.

"हे काय आत्या? इथं का बसलात?"

"वांग्याची भाजी केलीया. पयला दिस हाय तिचा, सैपाक कवा करंल."

"मग वर नेऊन द्या की. गार होईल."

तिनं वर पाहिलं. दार उघडंच होतं.

"अजून बोलवलं न्हाई तिनं," आत्या म्हणाली.

टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. मी तिच्या पाया पडले, तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, पण लक्ष वरच होतं. वळणावर मी मागं पाहिलं. भांड्यांचा आवाज थांबला असावा, कारण तिनं मान वर केली आणि अर्धवट उठली. मग पुन्हा खाली बसली आणि पदराचं टोक डब्यावर घट्ट लपेटून घेतलं.